कासवआत्याचं माहेर

एक होता राजा. पण तो राहायचा वर घाटावर. तिथून खाली उतरायला त्याला वेळ लागणार. तो येईतो आपण समुद्रावर जाऊन बसू. चालेल ना? मग पाय आधी पांघरुणात घ्या. हं.

तर समुद्राच्या काठी एक गाव होतं. गाव कसलं, वीस-बावीस घरं. एका अंगाला खाडी, एका अंगाला डोंगर, मागं माडांची रांग आणि पुढं लांबच लांब वाळू. त्या गावात एक मुलगी राहायची. तिचं नाव दुरपा. आई होती, बाबा होता, आणखी कुणी नव्हतं. बाबा मासे धरायचा, आई मासे सुकवायची. दुरपा तान्ही होती तेव्हा आईला मांडीवर घेऊन बसायला सवड कुठली? आई तिला एका टोपलीत घालायची आणि ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत ती टोपली ठेवायची. म्हणजे बघा, तिला निम्मं आईनं वाढवलं आणि निम्मं किनाऱ्यानं.

त्याचं काय झालं, ती रांगायला लागली तेव्हा आडवी रांगायची. वाळूतल्या खेकड्यांनीच शिकवलं होतं ना! मग उभी राहिली, तर बारक्या तुरुतुरु पक्ष्यांनी तिला धावायला शिकवलं. लाट मागं गेली की पुढं धावायचं, लाट आली की पाय न भिजवता मागं यायचं. खाडीत ऊद होते. ऊद म्हणजे पाणमांजर, बरं का. त्यांनी तिला पोहायला शिकवलं, आणि सुकत घातलेला मासा हळूच कसा उचलायचा तेही शिकवलं. ते आईला मुळीच आवडलं नाही.

दहा वर्षांची होईतो दुरपाला खेकड्यांची बिळं बघून कळायचं, भरती येतेय की ओहोटी लागलीय. मानेवर वारा लागला की कळायचं, हा पाण्याकडून आला की जमिनीकडून. ती बोलायची कमी. बघायची फार.

पण एक गोष्ट तिला सलायची. शिमगा आला की गावात घराघरात माहेरवाशिणी यायच्या. कुणाची आत्या, कुणाची मोठी बहीण. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, आणि वेशीपासूनच मोठमोठ्यानं हाका. चार दिवस घरात नुसता गलका. दुरपाच्या घरी कुणी यायचं नाही. बाबाला बहीणच नव्हती.

"आपल्याकडं कुणीच कसं येत नाही गो?" तिनं एकदा आईला विचारलं.

"तुझ्या बाबाला बहीण नाही, त्याला मी काय करू?" आई म्हणाली. "आणि मी माझं माहेर सोडून इथं आले, ती बरी कुणाला दिसत नाही!"

बाबा जाळं विणत होता. त्यानं मान आणखी खाली घातली आणि जरा भरभर विणायला लागला.

मग त्या वर्षी काय झालं, शिमग्याच्या आदल्या रात्री जेवणं आटोपली आणि दुरपा ताटल्या धुवायला समुद्रावर गेली. बघते तर पाण्यातून एक दगड चालत वर येतोय. दुरपा जागची हलली नाही. दगड आणखी जवळ आला. दगड कसला, मोठी कासवीण होती! हाश्शहुश्श करत ती माडांच्या अलीकडं आली, मागच्या पायांनी वाळू उकरली, हातभर खोल खड्डा केला आणि त्यात अंडी घालायला लागली. लिंबाएवढी, पांढरी पांढरी. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुरपा पुढं झाली आणि तिनं आपल्या परकराच्या टोकानं ते डोळे पुसले.

"रडतेस का?"

"रडत नाही गो," कासवीण म्हणाली. "आमच्या डोळ्यांतलं मीठ असंच बाहेर येतं. पण पुसलंस ते बरं वाटलं. याआधी कुणी पुसलं नव्हतं."

"एवढ्या लांबून इथंच का आलीस?"

"मग कुठं जाऊ? मी इथलीच. याच वाळूत जन्मले, याच वाळूवरून पहिल्यांदा चालले. बाळंतपणाला बाई दुसरीकडं कुठं जाते?"

दुरपानं टाळी वाजवली. "म्हणजे तू माहेरी आलीस! म्हणजे तू माझी आत्या!"

कासवं विचार सावकाश करतात. तिनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "हो की. तसंच झालं."

दुरपा घरी पळत सुटली. डब्यातून तांदूळ काढायला लागली.

"कुणाला नेतेस गो तांदूळ?"

"आत्या आलीय. ओटी भरायची आहे."

आईनं बाबाकडं बघितलं. बाबानं छपराकडं बघितलं. मग आई हात पुसत मागोमाग गेली. तिनं किनाऱ्यावरची ती पाहुणी बघितली, आणि ती लगबगीनं घरी परतली. येताना तिच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा होता आणि नारळ होता. आता कासवीणबाईंना पदर कुठला? ओटी पाठीवरच ठेवली. कपाळ म्हणून जे काही होतं, तिथं कुंकू लावलं.

जाताना आत्या दुरपाला म्हणाली, "आमच्यात आईला थांबता येत नाही. पन्नास दिवसांनी पिल्लं निघतील. तेवढं बघशील का गो माझ्यामागं?"

"बघेन."

"तीन संकटं येतात. पहिलं येतं रानाकडून. दुसरं येतं समुद्राकडून."

"आणि तिसरं?"

"तिसरं मला माहीत नाही. दर वर्षी असतं, आणि दर वर्षी नवीनच असतं." आत्या थोडी थांबली. "आणि एक सांगते. पिल्लं निघाली की हातात उचलून पाण्यात सोडू नकोस. कितीही माया आली तरी नको. आपल्या पायांनी वाळू तुडवत पाण्यापर्यंत गेली तरच त्यांना माहेर लक्षात राहतं. उचलून नेलेल्या पोरीला वाट आठवत नाही. मोठी झाली की ती पोटात अंडी घेऊन साऱ्या समुद्रात हिंडत बसते, आणि तिला टेकायला किनारा नसतो."

"नाही उचलणार," दुरपा म्हणाली. "शपथ."

आत्या गेली. पाठीवरचा नारळ पहिल्याच लाटेला खाली पडला. तो दुरपानं घरी आणला आणि आईनं त्याची चटणी केली. वाया कशाला घालवायचा?

झोपलात की काय? नाही ना? बरं.

मग आलं पहिलं संकट. तीन दिवस झाले आणि रानातून कोल्हा आला. दुरपानं त्या जागेवर करवंदीच्या काट्या रचल्या होत्या. कोल्हा एका बाजूनं काटी ओढायला लागला.

"ते माझ्या आत्याचं आहे," दुरपा म्हणाली.

"माझ्या घरी चार पोरं आहेत," कोल्हा म्हणाला. "त्यांचं काय?"

तो म्हणत होता ते काही खोटं नव्हतं. मग ती म्हणाली, "रोज संध्याकाळी माशांची डोकी ठेवीन, त्या खडकाच्या मागं. पन्नासावा दिवस सरेपर्यंत. पण इकडं फिरकायचं नाही."

"डोकी मोठ्या माशांची?"

"जी असतील ती."

कोल्ह्यानं जरा नाक मुरडलं, पण तो गेला. दुसऱ्या दिवसापासून दुरपा डोकी ठेवायला लागली. आई म्हणायची, "लोक मांजर पाळतात, कोंबड्या पाळतात. आमच्या लेकीनं कोल्हा पाळलाय." पण कालवणातली डोकी ती आधीच बाजूला काढून ठेवायची. तोंडानं बोलायची एक आणि हातानं करायची दुसरंच. आया अशाच असतात.

मग आलं दुसरं संकट. पुढच्या पौर्णिमेला मोठं उधाण आलं. पाणी रोजच्या रेघेच्या वर आलं, आणखी वर आलं, काट्यांपाशी आलं. दुरपा पाण्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "समुद्रा, ही तुझीच पोरं आहेत."

समुद्र म्हणाला, "असतील. पण मला पोरं ओळखू येत नाहीत. मी येतो तेव्हा येतो. वाटेत काय आहे ते बघून पाऊल टाकत नाही. ते तुम्ही बघायचं."

खरंच होतं ते. समुद्रावर रागावून काय उपयोग? दुरपानं बाबाला उठवलं. बाबानं माडांच्या मुळाशी, उंचावर, तेवढाच हातभर खोल खड्डा केला. मग दोघांनी एकेक अंडं उचलून तिथं नेलं. जी बाजू वर होती ती वरच ठेवायची, उलटं करायचं नाही. बाबाची बोटं दोरखंड ओढून ओढून लाकडासारखी झालेली. पण त्या बोटांनी एकही अंडं दुखावलं नाही.

शेवटचं अंडं ठेवताना बाबा म्हणाला, "लहानपणी आम्ही ही खाल्लीत गो. टोपल्या भरभरून. तेव्हा ती कुणाची आहेत ते ठाऊक नव्हतं."

दुरपानं वाळू लोटली. बाबानंही लोटली. मग त्यानं त्या वाळूवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आता राजा येतो, बरं का.

घाटावरचा तो राजा मनानं फार चांगला होता. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. सटवीच्या रात्री बाळापाशी दिवा ठेवला होता. कुणीतरी खिडकी उघडी टाकली, वारा आला आणि दिवा विझला. दुसऱ्या दिवशी बाळ जे आजारी पडलं ते तीन महिने आजारी. राजानं तीन महिने पाठ टेकली नाही. मग बाळ बरं झालं, हसायला लागलं. तेव्हा राजानं दवंडी पिटवली. माझ्या राज्यात जिथं जिथं बाळ जन्मेल तिथं तिथं त्याच्या नावानं दिवा लावायचा. आणि बाळाच्या नावानं लावलेला दिवा कुणी विझवायचा नाही. जो विझवेल त्याला राज्यात जागा नाही.

घाट चढून जाणाऱ्या सुक्या मासळीवाल्या बायका राजवाड्याच्या मागच्या दारी मासळी विकायच्या. त्यांच्या तोंडून गोष्ट वर गेली. खाली समुद्रावर एक कासवीण माहेरी आली होती म्हणे, आणि तिची ओटी भरली म्हणे. राजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो म्हणाला, "माझ्या राज्यातली माहेरवाशीण, आणि तिच्या बाळांना दिवा नाही?"

झालं. राजा निघाला. पालखी, घोडे, तेलाचे बुधले, पणत्यांच्या पाट्या. पन्नासाव्या दिवशी दुपारी सगळा लवाजमा गावात उतरला. राजानं जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. तो लांबच उभा राहिला. पाण्याची त्याला भीती वाटायची, पण राजाला तसं म्हणता येत नाही.

कारभाऱ्यानं विचारलं, "बाळं किती?"

"मोजली नाहीत," दुरपा म्हणाली.

"का नाही मोजली?"

आई मागून म्हणाली, "अहो, लोकांची पोरं कुणी मोजतं का? दृष्ट लागते."

कारभाऱ्याला ते पटलं. कमी पडायला नकोत म्हणून त्यानं हजार पणत्या काढल्या.

संध्याकाळ झाली. खड्ड्यावरची वाळू जराशी खाली बसली होती. बाबा म्हणाला, "आज निघणार." मग सगळं गाव कामाला लागलं. बायका वाती वळायला लागल्या, पोरं तेल ओतायला लागली. माडांच्या बुंध्यांशी पणत्या, होड्यांच्या काठांवर पणत्या, गावात जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पणत्या. असा झगझगाट त्या गावानं कधी बघितला नव्हता. आणि सगळ्यात पहिली पणती कुणी लावली, सांगा? दुरपानं. तिच्या आत्यासाठी राजा आला होता! शेजारच्या येसूकाकीच्या नणंदेसाठी कधी आला होता का राजा? दुरपाची छाती फुगली होती. तिनं पणती लावली आणि माडांच्या बाजूला, खड्ड्याच्या उशाशी ठेवली.

मग वाळू हलली. एक बारकं डोकं वर आलं. मग दोन वल्ह्यांसारखे पाय आले. एवढंसं, तळहातावर मावेल एवढं पिल्लू. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळे श्वास धरून उभे. पिल्लू वळलं आणि सरळ दुरपाच्या पणतीकडं चालायला लागलं.

"अगो बाई, राजांना भेटायला निघालं!" येसूकाकी म्हणाली. सगळे हसले. राजाही हसला.

मग दुसरं निघालं. तेही तिकडंच. मग तिसरं. मग वाळू उकळल्यासारखी झाली आणि दहा, वीस, पन्नास पिल्लं एकदम बाहेर आली. आणि सगळी, बरं का, सगळीच्या सगळी समुद्राकडं पाठ करून गावाकडं चालायला लागली.

हसणं हळूहळू थांबलं.

दुरपाच्या लक्षात आलं. समुद्र अंधारात असतो ना, तेव्हाही पाण्यावर एक बारीक उजेड असतो. चांदण्यांचा, लाटांच्या फेसाचा. पिल्लं जन्मतात ती तेवढा एक उजेड ओळखून. आणि इथं तर त्याच्यापेक्षा हजारपट उजेड उलट्या बाजूला लावून ठेवलेला. आत्याला माहीत नव्हतं ते तिसरं संकट हे होतं. ते रानातून आलं नव्हतं, समुद्रातून आलं नव्हतं. ते घाटावरून हौसेनं आलं होतं, आणि त्याच्यातली पहिली पणती दुरपानं आपल्या हातानं लावली होती.

बाबा म्हणाला, "टोपल्या आणा रे! भरू आणि टाकू पाण्यात."

"नाही!" दुरपा ओरडली. ती कधी ओरडायची नाही, म्हणून सगळे थबकले. "उचलायचं नाही. मी शपथ घेतलीय. उचलून नेलं तर परत कधीच येणार नाहीत."

"अगो पण मरतील! एवढ्याशा जिवात बळ ते किती?"

मग दुरपा राजासमोर गेली. ती म्हणाली, "महाराज, दिवे नकोत. त्यांना वाट दिसत नाही."

राजाचा चेहरा पांढरा पडला. "विझवा म्हणतेस? बाळांच्या नावानं लावलेले?"

कुणी हलेना. राजा वाईट नव्हता. त्याला तीन महिने आठवत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "माझा हात नाही उठणार, मुली. इथं कुणाचा उठत असेल तर त्यानं विझवावा. मी शिक्षा करणार नाही."

येसूकाकी मागं सरली. बाबानं मान खाली घातली. आईनं एका पणतीकडं बघितलं आणि तोंड पदरानं झाकलं. "माझ्याच्यानं नाही व्हायचं गो," ती म्हणाली. मग दुरपा आपण लावलेल्या पणतीपाशी बसली. तिनं गाल फुगवले. आणि तिला आई आठवली. तिन्हीसांजेला दिवा लावून हात जोडणारी, आणि त्या दिव्यावर कधी फुंकर न घालणारी आई. तिच्यानंही फुंकवेना. ती तशीच बसून राहिली. दोन पिल्लं तिच्या पायावरून चढून पुढं गेली.

तेवढ्यात तिच्या घामेजल्या मानेला गार लागलं.

वारा. पण कुठून? पाठीमागून. डोंगराकडून. दिवसभराचा खारा वारा पडला होता आणि जमिनीवरून समुद्राकडं जाणारा मतलई वारा सुटला होता. दुरपानं खाली बघितलं. खेकडे बिळांतून बाहेर येऊन ओल्या वाळूच्या गोळ्या करायला लागले होते. ओहोटी लागली होती. वारा पाण्याकडं चालला होता, पाणी आत चाललं होतं. सगळं समुद्राकडंच निघालं होतं. फक्त दिवे तेवढे चुकीच्या जागी होते.

दुरपा ताडकन उठली. "आई, करवंट्या!"

"कसल्या?"

"न्हाणीतल्या! सगळ्यांच्या न्हाणीतल्या!"

आता त्या गावात काय कमी असेल, पण करवंट्या कमी नव्हत्या. नारळ फोडला की करवंटी न्हाणीत जायची, पाणी तापवायला. दर घरी ढीग. आई क्षणभर बघत राहिली, आणि मग तिला कळलं. आयांना कळतं. ती वळून बायकांवर ओरडली, "उभ्या काय राहिलात, माझं लग्न लागतंय का इथं? आणा की!"

बायका धावल्या. सुपं भरून, पदर भरून करवंट्या आल्या. दुरपानं आपली पणती उचलली, विझू न देता करवंटीत ठेवली आणि राजापुढं धरली.

"दिवा विझवायचा नाही, महाराज. नुसता पुढं न्यायचा. त्यांच्या पुढं."

राजानं करवंटीकडं बघितलं. मग काळ्या पाण्याकडं बघितलं. "आणि आत गेल्यावर विझला तर?"

"दिसेनासा होईल," दुरपा म्हणाली. "लांब गेलेलं सगळंच दिसेनासं होतं. त्याला विझलं कुणी म्हणतं का?"

राजानं करवंटी दोन्ही हातांत घेतली. जोडे काढले. वाळूवरची पिल्लं चुकवत चुकवत, एकेक पाऊल बघून टाकत तो पाण्यापर्यंत गेला. पहिली लाट पायाला लागली तेव्हा दचकला. दुसरीला थांबला. तिसऱ्या लाटेत तो गुडघाभर आत होता. त्यानं वाकून करवंटी पाण्यावर ठेवली आणि हात सोडला. मतलईनं तिला मागून हळूच ढकललं. ती डुलली, सावरली आणि निघाली.

मग काय विचारता! कारभाऱ्यानं पागोटं काढून होडीत टाकलं आणि दोन्ही हातांत दोन घेतल्या. बाबा, येसूकाकी, घोडेवाले, पोरंटोरं, जो तो पणती उचलतोय, करवंटीत ठेवतोय, पाण्यात सोडतोय. गावाची वाट काळी झाली. माडांचे बुंधे काळे झाले. होड्या काळ्या झाल्या. आणि समुद्रावर दिव्यांचा एक लांबलचक रस्ता तयार झाला.

वाळूवर पिल्लं थांबली. गावाकडं गेलेली, माडांत शिरलेली, सगळी थांबली. मग एक वळलं. मग दुसरं वळलं. मग सगळ्यांनी तोंडं फिरवली आणि आपल्या पायांनी, वाळू मागं सारत, पडत, उलटत, पुन्हा सरळ होत ती निघाली. कुणी हात लावला नाही. एक पिल्लू दुरपाच्या पुढ्यातच खड्ड्यात पडलं. तीनदा चढलं, तीनदा घसरलं. दुरपानं आपले हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले. हात फार शिवशिवत होते. चौथ्यांदा ते चढलं. उचलणं सोपं असतं, बरं का. हात मागं धरून उभं राहणं, ते अवघड.

खडकाजवळ कोल्हा बसला होता. समुद्राकडं पाठ करून.

"असा का बसलायस?" दुरपानं विचारलं.

"बघितलं की तोंडाला पाणी सुटतं," कोल्हा म्हणाला. "पन्नास दिवसांचा शब्द आहे. उद्यापासूनचं उद्या बघू."

शेवटचं पिल्लू पाण्यात शिरलं तेव्हा सगळ्यात पुढचा दिवा खूप लांब गेला होता. तो दिवा होता की चांदणी होती, ते कुणालाच नक्की सांगता येईना. राजा अजून पाण्यात उभा होता. तो म्हणाला, "मी समजत होतो, दिवा जपायचा म्हणजे वारा येऊ द्यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी राजा घाट चढून गेला. त्यानं नवी दवंडी पिटवली. दिवा लावण्याआधी बाळाच्या आईला विचारायचं. एवढीच.

आईनं मात्र पुढं वर्षभर न्हाणीत पाणी तापवताना रोज ऐकवलं, "सरपण गेलं सगळं समुद्रात." पण हसून.

मग काय झालं, वर्षं गेली. आत्या दर शिमग्याला यायची. दुरपा मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती घाटावर गेली. तिथं समुद्र नव्हता. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. पण पहिले काही दिवस तिला झोपच यायची नाही, कारण रात्र फारच गप्प असायची. मग ती डोळे मिटायची आणि पायाखालची वाळू आठवायची. तेवढं पुरायचं.

मग पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. वेशीपासूनच तिनं मोठ्यानं हाक मारली. आई हात पुसत बाहेर आली. आणि त्याच रात्री, बरं का, पाण्यातून दगडांमागून दगड चालत वर आले. एक नाही, दोन नाही. सगळ्यांत पुढं म्हातारी आत्या, आणि तिच्यामागं तिच्या लेकी. त्याच. आपल्या पायांनी गेलेल्या. दुरपा पोट सांभाळत वाळूत बसली आणि तिनं एकेकीचे डोळे पुसले.

त्या गावात अजून एक रीत आहे. कासवं यायच्या दिवसांत समुद्राकडच्या खिडक्यांना चटया लावतात, आणि दिवे घराच्या आतल्या अंगाला नेतात. दुसरीकडं पाहुणी आली की दिवा दारात आणतात. तिथं आत नेतात. मग सगळा किनारा काळाभोर होतो, आणि ज्यांना जायचं असतं त्यांना आपला समुद्र दिसतो.

दुरपाला मुलगी झाली. आत्याला किती झाली, ते कुणी मोजलं नाही. कोल्ह्याच्या पोरांना डोकी मिळाली. सगळे आपापल्या घरी, आपापल्या पाण्यात सुखात राहिले.

आता मी हा दिवा उचलून आत नेते. विझवत नाही, नुसता आत नेते. अंधार झाला म्हणून घाबरायचं नाही. डोळे मिटा, आणि थोडा वेळ तसेच पडून राहा. आपला समुद्र दिसेल. आपापल्या पायांनी जा हं. मी हात मागं धरून इथंच बसलेय.